कातडीखालचा पास

दादरच्या पुलावर गर्दीत पास चाचपताना मला स्वीडन आठवते. तेथील रेल्वेने 2017 मध्ये काही प्रवाशांचे तिकीट हातात बसवलेली चिप वाचून तपासण्यास सुरुवात केली होती. तांदळाच्या दाण्याएवढ्या या चिपमध्ये बॅटरी नसते. वाचणारे यंत्र अगदी जवळ आल्यावर त्याच्याच लहरींतून तिला ऊर्जा मिळते, त्यामुळे ती दुरून माणसाचा माग काढू शकत नाही (खिशातला मोबाइल मात्र तो खुशाल काढतो). पुढे रक्तातील साखर मोजणाऱ्या अशा चिप आल्या, तर मधुमेही घरातला मी त्यांचे स्वागतच करेन. हजेरीसाठी मालकाने ती टोचून घ्यायला लावली, तर मात्र नोकरी सोडताना ती कोणाच्या खर्चाने काढायची, हे नेमणूकपत्रातच लिहिलेले असावे.