महालातलं दार, मोबाईलवर

आईच्या दारावर लावायला कॅमेरा घेतला तेव्हा नागपूरच्या बर्डीवरचा दुकानदार म्हणाला, "ताई, पाच मिनिटांत मोबाईलवर चित्र येते." ते खोटं नव्हतं. कॅमेऱ्याच्या बुडाशी चिकटवलेला क्यूआर कोड ॲपला दाखवायचा, घरच्या वायफायचा पासवर्ड टाकायचा, कॅमेरा टुणटुण करतो आणि दार दिसायला लागतं. ज्यांना तेवढंच पुरतं त्यांनी खुशाल तिथे थांबावं. पण ते चित्र आपल्या मोबाईलपर्यंत कुठून फिरून येतं, हे कळल्यावर मला काही थांबवेना. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेल्या माणसाला ही खाज असतेच.

आई महालातल्या जुन्या घरात एकटी राहते, मी त्रिमूर्तीनगरला. ती इकडे यायला तयार नाही आणि मला ते पटतं. तिचं देऊळ तिथे, भाजीवाली तिथे, दुपारी ओसरीवर बसणाऱ्या बाया तिथे. भाऊ टोरांटोला असतो. त्याचं म्हणणं होतं की कॅमेरा आईच्या खोलीत हवा, रात्री पडली-बिडली तर कळेल. आईनं एका वाक्यात निकाल लावला, "मी काय महाराजबागेतला वाघ आहे का, सगळे बघून राहिले ते?" त्यामुळे कॅमेरा फक्त दर्शनी दारावर, तोंड बाहेरच्या बाजूला. पडण्यासाठी पलंगाजवळ घंटीचं बटण लावलं, तिचा आवाज शेजारच्या वहिनींकडे वाजतो. खोलीतल्या कॅमेऱ्यापेक्षा ते जास्त कामाचं आहे, कारण कॅमेरा पडलेल्या माणसाला उचलत नाही.

जागा निवडताना पहिला विचार उन्हाचा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. साध्या कॅमेऱ्याच्या खोक्यावर ५० अंशांपर्यंत, फार तर ६० अंशांपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं, पण तो आकडा हवेचा असतो. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारभर तापलेल्या प्लास्टिकच्या डबीच्या आत त्याहून जास्त होतं. म्हणून छज्जाखाली, सावलीत लावला. कुलर शेजारच्याच खिडकीत आहे. त्याच्या पत्र्याला कॅमेरा टेकू देऊ नका, पंखा सुरू झाला की चित्र थरथरतं आणि ॲप दिवसभर "हालचाल दिसली" म्हणून ओरडतं. चौकटीत समोरच्या काकांचं दारही येत होतं. सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी मास्क' असतो, त्यानं चित्राचा तेवढा तुकडा काळा करता येतो. तो केला आणि काकांना बोलावून दाखवलाही.

आता मूळ भानगड, घराबाहेरून चित्र बघण्याची. इंटरनेटवरच्या जुन्या लेखांमध्ये एकच मंत्र सापडतो: राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करा (म्हणजे बाहेरून येणाऱ्याला थेट कॅमेऱ्यापर्यंत सोडणारं दार, 'पोर्ट', उघडा), बाहेरून घरचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, टाका, कॅमेरा उघडेल. महालातल्या जोडणीवर ते होणारच नव्हतं. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटकडच्या बाजूचा, जो आयपी दिसतो तो पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्या मधला असेल तर तुमच्या घराला स्वतःचा पत्ताच नाही. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे पत्ते जगात साधारण ४२९ कोटी, ते कधीच कमी पडले. म्हणून इंटरनेट पुरवणारा एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं बसवतो. याला सीजीनॅट म्हणतात, आणि हा १००.६४वाला पट्टा २०१२ मध्ये खास त्यासाठी राखून ठेवला गेला. तुम्ही तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, त्याच्या पुढचा दरवाजा पुरवठादाराच्या हातात. जादा पैसे भरून स्थिर आयपी घेता येतो. पण घेऊ नका, असं माझं मत, कारण उघडं पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात. २०१६ साली 'मिराई' नावाच्या व्हायरसनं असेच हजारो कॅमेरे आणि डीव्हीआर (रेकॉर्डिंगचे डबे) ताब्यात घेतले होते, तेही कुठलं मोठं कुलूप फोडून नव्हे, कारखान्यातून आलेला यूजरनेम-पासवर्ड कोणी बदललाच नव्हता म्हणून.

मग पाच मिनिटांत चित्र कसं आलं? कॅमेरा स्वतःच कंपनीच्या सर्व्हरला फोन लावून बसलेला असतो. आतून बाहेर जायला सीजीनॅट अडवत नाही. आपला मोबाईलही त्याच सर्व्हरकडे जातो आणि तो दोघांची गाठ घालून देतो. थेट जोडणी जमली तर ठीक, नाही जमली तर सगळा व्हिडिओ त्या सर्व्हरमधूनच वाहतो. सोय चांगलीच आहे, पण आईच्या दाराचं चित्र कोणत्या देशातल्या खोलीतून फिरून येतं हे मला ठाऊक नसावं, हे पटेना.

म्हणून आईच्या देवघरामागच्या फळीवर एक रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर, ठेवला. त्यावर टेलस्केल टाकलं. ते आपल्या उपकरणांना इंटरनेटवरून खाजगी, कुलूपबंद वाटेनं जोडतं, आणि आतून वायरगार्ड या तंत्रावर चालतं. 'सबनेट राउटर' सुरू केला की माझा मोबाईल बाहेर कुठेही असो, आईच्या घरातल्या वायफायवर असल्यासारखा वागतो. कॅमेऱ्याला राउटरमध्ये पक्का पत्ता बांधून दिला, १९२.१६८.१.५०, आणि त्याचं बाहेर जाणं बंद करून टाकलं. कंपनीचं ॲप काढून टाकलं. कॅमेऱ्यात ओएनव्हीआयएफ, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांची सामाईक भाषा, आहे, त्यामुळे कुठल्याही दुसऱ्या ॲपमध्ये तो जोडता येतो. कॉम्प्युटरवर बघायचं तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये कॅमेऱ्याचा आरटीएसपीचा (थेट व्हिडिओचा) पत्ता टाकायचा, पोर्ट ५५४. विकत घेण्याआधी दुकानात एवढंच विचारा, "ओएनव्हीआयएफ आहे का?" गप्प बसला तर दुसरं दुकान बघा.

बाहेरची वाट बंद केल्यावर एक गंमत झाली. एकदा लाइट गेली, परत आली, आणि चित्राच्या कोपऱ्यात तारीख आली १ जानेवारी १९७०. दूधवाला, त्याची सायकल, आईची रांगोळी, सगळं १९७० मधलं! स्वस्त कॅमेऱ्यात घड्याळाची बॅटरी नसते. चालू झाला की तो इंटरनेटवरून वेळ विचारतो, आणि मी तर इंटरनेटच तोडलेलं. मग रास्पबेरी पायवरच वेळेचा सर्व्हर बसवला आणि कॅमेऱ्याच्या एनटीपी (वेळ कुठून विचारायची त्या) सेटिंगमध्ये त्या रास्पबेरी पायचा पत्ता दिला. हे छोटं वाटतं, पण उद्या पोलिसांना रेकॉर्डिंग दाखवायची वेळ आली तर तारीखच आधी बघतात. लाइट जाण्यावरचा उपाय वेगळा: राउटर आणि कॅमेरा दोन्ही १२ व्होल्टचे असतील तर मिनी यूपीएस घ्या. ॲडॉप्टरवरचा आकडा वाचून घ्या, काही कॅमेरे ५ व्होल्टचे असतात.

रेकॉर्डिंगचा हिशेब सोपा आहे. २ एमबीपीएसचा प्रवाह दिवसाला २१.६ जीबी खातो, म्हणजे १२८ जीबीचं कार्ड पाच-सहा दिवसांत भरतं आणि जुनं पुसलं जातं. एच.२६५ ही व्हिडिओ जास्त आवळणारी पद्धत निवडली तर जवळपास निम्म्यात भागतं. मोबाईलवर मात्र 'सबस्ट्रीम' बघा, छोटं चित्र, नाहीतर दोघा-तिघांनी एकदम उघडलं की सगळ्यांचंच अडकतं. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी गल्लीतून इतवारीकडे निघालेली गर्दी बघायला भावानं पुण्याच्या मावसबहिणींनाही लिंक दिली होती, तेव्हा हा प्रकार नीट कळला.

महिन्यातून एकदा काच पुसायला शिडी लागते. रात्रीच्या इन्फ्रारेड दिव्याभोवती किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि त्याचं जाळं त्या उजेडात ट्यूबलाइटएवढं पांढरं दिसतं. वारा आला की परत "हालचाल दिसली".

भावाचं काय झालं ते सांगते. त्याची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, आईच्या दाराशी सगळ्यात जास्त वर्दळ असते तेव्हाची. चहाचा कप हातात घेऊन तो सूचना बघायचा आणि फोन लावायचा, "आई, तो लाल शर्टवाला कोण?" आई वैतागली. आता सूचना फक्त रात्री अकरा ते पहाटे पाच, बाकी वेळ बंद, आणि ते ठरवलं आईनंच.

सगळ्यात जास्त कॅमेरा ती स्वतः वापरते, हे मात्र मला सुचलं नव्हतं. स्वयंपाकघर घराच्या मागच्या टोकाला, गुडघे दुखतात, त्यामुळे कडी वाजली की आधी मोबाईलवर बघते. वर्गणीवाले असतील तर उठतच नाही. परवा मला म्हणाली, "त्याच्या टोरांटोच्या दारावरही आहे म्हणे एक. मलेही दाखवायला सांग त्याले, मीही पाहीन कोण कोण येऊन राहिलं ते." भावाचा तो डोअरबेल कॅमेरा कंपनीच्या क्लाउडवर चालतो, त्यासाठी आईच्या मोबाईलवर वेगळं ॲप टाकावं लागेल. रविवारी जाते तेव्हा ते काम.