बर्फाच्या मुलखातला बाळंतविडा

लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणासाठी थंडीत अमेरिकेतल्या मिनेसोटाला जायचं ठरलं की उणे वीस तापमान ऐकूनच हात जाड कापडाकडे वळतो. कापूस भरलेली झबली, दुहेरी टोपरी, अस्तर लावलेल्या दुलया. तिकडच्या घरात मात्र हिटर चोवीस तास चालतो आणि पारा 20 ते 22 अंशांवर असतो. बाळ बर्फात असतं ते दारापासून गाडीपर्यंत, तेवढंच. म्हणून शिवायचं ते घरातल्या हवेसाठी: पातळ, सुती, समोरून उघडणारं. बाकीचं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

शिलाई मशीन इकडून नेऊ नका. आपली मोटर 230 व्होल्टची, तिथली वीज 120 व्होल्टची. ट्रान्सफॉर्मरच्या खटाटोपापेक्षा तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातलं साधं मशीन परवडतं. काही सार्वजनिक वाचनालयं पुस्तकांसारखं मशीनही घरी देतात, चौकशी करावी. आपल्या घरगुती मशीनची एचए-वन सुई तिथल्या बहुतेक मशीनना चालते. सुती कापडाला 12 नंबर, गोधडीच्या थरांना 14 किंवा 16. होजिअरीला गोल टोकाची सुई लागते, नाहीतर टाके सुटतात आणि बारीक भोकं पडतात. गॅरेजमध्ये ठेवलेलं मशीन घरात आणल्याबरोबर चालवू नका. थंडीने तेल घट्ट झालेलं असतं. दोन-तीन तास तसंच राहू द्या. कात्री चेक-इन सामानात.

कापड यार्डावर (36 इंच) मिळतं. जोॲन ही कापडाची मोठी साखळी 2025 मध्ये बंद झाली, त्यामुळे आता गोधड्यांच्या कापडाची छोटी दुकानं शोधावी लागतात. फ्लॅनेल 42 ते 44 इंच पन्ह्याचं येतं आणि चांगलंच आटतं, यार्डामागे दीड-दोन इंच सहज. कापण्याआधी गरम पाण्यात धुऊन ड्रायरमध्ये वाळवा. पुढे धुवायचं त्याच पद्धतीने आधी धुवायचं, कारण तिथे दोरीवर फारसं कुणी वाळत घालत नाही. दुपट्याला सव्वा यार्ड घ्या. धुऊन, कडा दुमडून 38 ते 40 इंचांचा चौकोन निघतो. ठाणावर पुष्कळदा ‘मुलांच्या झोपण्याच्या कपड्यांसाठी नाही’ असं छापलेलं असतं. नऊ महिन्यांच्या मापापुढचे रात्रीचे कपडे एकतर सहज पेट न घेणाऱ्या कापडाचे किंवा अंगाला चिकटून बसणारे हवेत, असा तिथला नियम आहे. तो उत्पादक-विक्रेत्यांसाठी आहे, पण मोठ्या बाळाला ढगळ फ्लॅनेल घालून निजवू नये हे घरीही पाळावं.

झबल्याला 18 बाय 22 इंचांचा तुकडा पुरतो. तिथे तो कापूनच विकतात. 22 बाय 12 मध्ये अंग, उरलेल्या सहा इंचांच्या पट्टीत 8 बाय 6 च्या दोन बाह्या. समोरून उघडं ठेवण्याचं कारण साधं: नव्या बाळाचं डोकं छातीपेक्षा मोठं असतं, डोक्यातून घालायचं झबलं अडकतं आणि बाळ टाहो फोडतं. शिलाई बंदिस्त हवी. कापडाच्या उलट्या बाजू एकमेकींवर ठेवून पाव इंचावर टीप मारा, कडा सूतभर राहतील इतक्या छाटा, मग उलटवून पुन्हा पाव इंचावर टीप. पहिली कड नीट छाटली नाही तर दुसऱ्या टिपेतून दोरे मिशांसारखे बाहेर येतात. नाड्या चार-पाच इंचांच्या, कुशीला, गळ्याशी नकोतच. बटणं टाळा. टिच बटण लावायचं तर खाली कडक अस्तराची पट्टी घाला, नाहीतर होजिअरी फाटून बटण हातात येतं आणि तिथून बाळाच्या तोंडात.

हातमोजे-पायमोजे शिवाल तर शिलाई बाहेरच्या अंगाला ठेवा. आतला सुटा दोरा बोटाला आवळून बसला तर रक्तपुरवठा थांबतो आणि मोज्यामुळे दिसतही नाही.

आता कटू भाग. मोहरीची उशी, बाजूचे लोड आणि पाळण्यात पसरायची दुलई हे तिघंही यादीतून काढा. बाळाने पाठीवर, सपाट गादीवर, पहिलं वर्षभर सुट्या पांघरुणाशिवाय झोपावं असं अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संस्था सांगते, आणि डोकं गोल करणाऱ्या उशांविरुद्ध तिथल्या औषध प्रशासनाने 2022 मध्ये इशारा दिला आहे. यावरून सुनेशी वाद घालण्यात अर्थ नाही, तिचं बरोबर आहे. घरात झोपताना टोपरंही नको, कारण बाळ जादा उष्णता डोक्यावाटे बाहेर टाकतं. दुपट्यात गुंडाळायचं ते कमरेखाली सैल, आणि बाळ वळायची चिन्हं दिसू लागली की बंद. गाडीतल्या खुर्चीत पट्ट्यांच्या आत जाड काही घालायचं नाही. धक्क्यात ते दबतं आणि पट्टे सैल पडतात. आधी पट्टे आवळा, मग वरून पांघरा.

वरून पांघरायला गोधडी उत्तम. जमिनीवर पालथं खेळवायलाही तीच. साडेपाच मीटरच्या जुन्या सुती साडीच्या 40 इंचांच्या पाच घड्या होतात, 40 बाय 45 चं आयतं माप. वेगळं भरण लागत नाही. काठ जरीचे असतील तर आधी उसवा, ड्रायरमध्ये जर कडक होऊन टोचते. वितीवितीवर कच्चा टाका घाला. हाताने धावदोरा घालणार असाल तर कडेपासून आत, फेऱ्या घेत या, आपल्याकडची रीत. मशीनवर हे करू नका: मशीनचा पाय वरचा थर पुढे ढकलतो, ढील मधे साचते आणि शेवटी तिथे चुण्यांचं घरटं होतं. मशीनवर मधून कडेकडे, टाका तीन मिलिमीटरचा. वरून नवं फ्लॅनेल लावणार असाल तर ते आटवलेलंच हवं. साडी आधीच आटून बसलेली असते, फ्लॅनेल एकट्याने आटलं की सगळी गोधडी गोळा होते.

जानेवारीत बोरनहाण येईल, त्याचं काळं झबलं दिवसाउजेडी शिवा. डिसेंबरात मिनीॲपोलिसला साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि काळ्यावर काळी टीप दिव्याखाली दिसत नाही. काळं कापड आधी पांढऱ्या चिंधीबरोबर भिजवा. चिंधी काळवंडली तर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. बाळ लाळ गाळतं, रंग सुटला तर हनुवटीला लागतो. हलव्याचे दागिने दोऱ्यात ओवण्यापेक्षा पुठ्ठ्यावर चिकटवून फोटोपुरते अंगावर धरा. बाळ सगळं तोंडातच घालतं, आणि हलवा घशात अडकण्याच्या मापाचाच असतो.