सरकती खिडकी अडकली? आधी तेलाची बाटली खाली ठेवा

पुण्यातल्या फ्लॅटांमध्ये बहुतेक खिडक्या ॲल्युमिनियमच्या, सरकत्या. तीन ट्रॅक, दोन काचेचे पल्ले, एक जाळीचा. आजूबाजूच्या बांधकामांची धूळ उन्हाळाभर ट्रॅकमध्ये साचते, पावसात तिचा चिखल होतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात तो वाळून कडक होतो. मग पल्ला हलेनासा झाला की कुणीतरी गोडं तेल किंवा खोबरेल आणून ओततं. तसं अजिबात करू नका. चार दिवस पल्ला पळतो, पण तेल धूळ धरतं आणि तो चिकट लगदा चाकाच्या आसात जाऊन बसतो.

पल्ला नेमका कुठे अडतो ते आधी पाहा. दर वेळी एकाच जागी अडत असेल तर दोष ट्रॅकचा: तिथे खडा असेल, सिमेंटचा ठिपका असेल, नाहीतर कुणी पाय दिल्याने रूळ दबला असेल. सगळीकडेच जड जात असेल तर खालची चाकं गेली आहेत. दुकानात आणि कारागिराकडे त्यांना बेअरिंगच म्हणतात. एका पल्ल्याला दोन असतात. पल्ला बंद करताना बाजूच्या चौकटीशी वर फट राहते आणि खाली टेकतो, किंवा उलट, आणि लॉक आकड्यात बसत नाही, असं असेल तर दोनांपैकी एकच बेअरिंग खाली बसलेलं असतं.

पल्ला काढायला दोन माणसं हवीत. ५ मिलिमीटर काचेचं वजन चौरस मीटरला साडेबारा किलो, म्हणजे २ बाय ४ फुटांच्या पल्ल्याची नुसती काचच ९ किलोंच्या वर जाते. बाहेर ग्रील नसेल आणि घर वरच्या मजल्यावर असेल तर हे काम कारागिरावर सोडा. वरच्या पट्टीत पल्ला निसटू नये म्हणून छोटा स्टॉपर किंवा स्क्रू असतो, तो आधी काढा. सगळ्यात आतल्या ट्रॅकवरचा पल्ला पहिला निघतो. दोन्ही कडा धरून तो सरळ वर उचला, वरच्या खाचेत आत जाऊ द्या, खालची बाजू रुळावरून सुटली की ती खोलीच्या दिशेने ओढा आणि पल्ला खाली घ्या. चाकं उचलूनही रुळावरून सुटत नसतील तर जोर लावू नका. बऱ्याच पल्ल्यांना खालच्या कडेला भोक असतं आणि आत बेअरिंगची उंची बदलणारा स्क्रू असतो. तो फिरवून चाक आत घेतलं की पल्ला सुटतो.

पल्ला जुन्या चादरीवर आडवा ठेवा आणि चाक बोटाने फिरवा. केस, धागे गुंडाळलेले असतील तर ब्लेडने कापून चिमट्याने ओढा. चाक एका बाजूने सपाट झालं असेल तर साफसफाईचा उपयोग नाही: अडकलेलं चाक फिरण्याऐवजी घासत गेलं की नायलॉन असंच झिजतं. स्टीलचं असेल तर ते रूळच खातं. जोडीतलं एकच बदलू नका, उंचीत फरक पडतो. जुनं बेअरिंग खिशात घालूनच रविवार पेठेतल्या बोहरी आळीत किंवा जवळच्या ॲल्युमिनियम हार्डवेअरच्या दुकानात जा. चाकाचा व्यास, चाक ज्यात बसवलेलं असतं त्या घराची रुंदी, चाकाची खाच, तिन्ही जुळायला हवं. नुसत्या फोटोवरून दुकानदार बरोबर देईलच असं नाही.

ट्रॅक आधी कोरडाच साफ करा, एक इंची रंगाच्या ब्रशने आणि व्हॅक्यूमने. पाणी आधी घातलं की परत चिखल. मग साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश. सिमेंटचे ठिपके ओले करून लाकडी पट्टीने खरवडा. संडास साफ करायचं ॲसिड ॲल्युमिनियमला खातं. ट्रॅकच्या बाहेरच्या भिंतीत पाणी जायची छोटी भोकं असतात, त्यांत खराट्याची काडी घाला. मग ट्रॅकमध्ये पेलाभर पाणी ओता. ते बाहेर वाहून गेलं तर ठीक. तुंबलं तर पावसाळ्यात तेच पाणी खोलीत येणार. रूळ दबला असेल तर दोन्ही बाजूंना लाकडाचा तुकडा धरून पक्कडीने हळू सरळ करा आणि वर आलेली धार बारीक कानशीने घासा.

ट्रॅक पूर्ण वाळल्यावर सिलिकॉन स्प्रेचा हलका फवारा रुळावर मारून फडक्याने पुसा. पल्ला बसवताना आधी वरची बाजू खाचेत, मग खालची रुळावर. उंचीचा स्क्रू एका वेळी अर्धा फेराच फिरवा आणि बाजूच्या चौकटीशी फट वरपासून खालपर्यंत सारखी झाली की थांबा. स्टॉपर परत लावायला विसरू नका, वाऱ्याच्या झोतात पल्ला उचलला जाऊ नये म्हणून तो असतो.

एवढं करूनही मधोमध अडत असेल तर चौकटीची आतली उंची दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजा. मध्ये ३-४ मिलिमीटर कमी भरली तर चौकटच वाकली आहे. मग बेअरिंगवर पैसे घालवू नका, ॲल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्या फॅब्रिकेटरला बोलवा आणि ही मापं फोनवरच सांगा.