स्पेक्ट्रम की बीबीसी?

इथे इंग्लंडमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या संगणकवेड्या माणसाशी ओळख झाली, की थोड्याच वेळात प्रश्न येतो, ‘तुमच्याकडे काय होतं, स्पेक्ट्रम की बीबीसी?’ सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक १९८२मध्ये १२५ पौंडांपासून मिळायचा, म्हणून तो घरोघरी गेला. एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो हा संगणक महाग, पण बीबीसी या प्रसारण संस्थेच्या संगणक साक्षरता मोहिमेमुळे तो शाळाशाळांत पोहोचला. दोन्ही कंपन्या केंब्रिजच्या, आणि त्यांच्या चाहत्यांमधला वाद आजही तितक्याच हिरिरीने चालतो.

माझं उत्तर ठाम आहे: बीबीसी. भारत सरकारच्या ‘क्लास’ या शालेय संगणक साक्षरता योजनेतून १९८४च्या सुमारास हेच यंत्र आपल्याकडच्या शाळांमध्ये आलं. चपला बाहेर काढून शाळेतल्या संगणकाच्या खोलीत शिरलेल्यांना मशीन सुरू होतानाचा ‘बूऽ-बीप’ आठवत असेल. हे सांगितलं की इथली मंडळी खुर्ची पुढे ओढून ऐकू लागतात.

ब्लेचली पार्कच्या नॅशनल म्युझियम ऑफ कम्प्युटिंगमध्ये बीबीसी मायक्रोंचा अख्खा वर्ग आहे. तिथे कुणीही बसावं आणि टाइप करावं. ३२ केबी मेमरी, २ मेगाहर्ट्‌झचा ६५०२ प्रोसेसर, आणि बटण दाबताच समोर बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा! हे यंत्र एकट्या माणसाला शेवटच्या चिपपर्यंत समजून घेता येतं. सर्किटचा नकाशा पसरून, सोल्डरिंग आयर्न तापवून बसणाऱ्या या लोकांचा जीव त्यातच अडकलाय, आणि माझाही. तुमच्या फोनमधल्या एआरएम प्रोसेसरचं मूळही इथलंच. एकॉर्नच्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी तो घडवला, आणि १९८५मध्ये पहिली चिप चालली ती बीबीसी मायक्रोच्याच जोडीने.

या मशीनचा ठरलेला आजार म्हणजे पॉवर सप्लायमधले फिल्टर कपॅसिटर, म्हणजे विजेतला गोंगाट गाळणारे छोटे भाग. वर्षानुवर्षांनी त्यांच्या आवरणाला चिरा जातात, दमट हवा आत शिरते, आणि वीज मिळाली की खोलीभर उग्र वासाचा धूर होतो. पाहणारा घाबरतो, पण बाकीचं मशीन बहुतेकदा सुखरूप असतं. कपॅसिटर बदलले की पुन्हा बूऽ-बीप.

म्हणून एक विनंती. तुमच्या जुन्या शाळेच्या अडगळीत असा संगणक पडला असेल, तर मुख्याध्यापकांना आजच फोन करा, तो भंगारात जाऊ देऊ नका. आणि मिळालाच, तर उत्साहाच्या भरात थेट प्लग लावू नका. आधी जाणकार इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडून पॉवर सप्लाय तपासून ते कपॅसिटर बदलून घ्या.