तुम्ही विचारलंत म्हणून : इतिहासाचं ऑनलाईन कुठं शोधायचं?

"सर, तुमले हाई समदं कोठे भेटस?" नवीन लागलेले शिक्षक भेटले की हमखास विचारतात, आणि त्यांना वाटतं माझ्याकडे एखादी भारी साईट असेल. तसलं काही नाही. मी फक्त जुनी नावं टाकून शोधतो.

म्हणजे बघा, जळगाव जिल्ह्याचा इतिहास म्हणून सर्च मारलं की पर्यटनाचेच पानं येतात. कारण जळगाव जिल्हा हे नावच १९६० चं. १९०६ आधी सगळा एकच खान्देश जिल्हा, मग पूर्व आणि पश्चिम खान्देश, आणि नंदुरबार तर १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. म्हणून ज्या काळाचं पाहिजे त्या काळाचं नाव टाकायचं, तेही इंग्रजांच्या स्पेलिंगनं. धुळ्याला ते धुलिया लिहायचे अन् तापीला ताप्ती. इंटरनेट अर्काईव्ह म्हणजे जुनी पुस्तकं स्कॅन करून ठेवलेली साईट, तिथं असं शोधलं तर १८८० चं खान्देश गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारनं काढलेलं जिल्ह्याच्या माहितीचं पुस्तक, फुकट मिळतं. त्यात आपल्या तालुक्याचं पिकपाणी, बाजार, रस्ते, किल्ले सगळं आहे. फक्त भिल्लांबद्दल साहेबानं जे लिहिलंय ते साहेबाच्या नजरेनं लिहिलंय, ते पोरांना तसंच वाचून दाखवू नका, उलट असं का लिहिलं असेल ते विचारा, तास मस्त रंगतो.

मराठीत पटकन खात्री करायची तर विश्वकोश. जुना शब्द अडला तर शिकागो विद्यापीठाच्या साईटवर मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश आहे. सरकारी कागदांसाठी राष्ट्रीय अभिलेखागाराची अभिलेख पटल ही साईट, पण त्याला निवांत वेळ पाहिजे, चालू तासाला उघडून बसू नका.

माझ्या वर्गात सगळ्यात जास्त चाललं ते मात्र चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा तो लेख, १२०७ च्या सुमाराचा, एपिग्राफिया इंडिका या शिलालेखांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पहिल्याच खंडात छापलेला आहे आणि तोही खंड अर्काईव्हवर आहे. सुरुवात संस्कृत, पण शेवटी जुनी मराठी येते, मठाला कोणी काय द्यायचं त्याची यादी. त्यात घाण्यामागे पळीभर तेल असं आहे. एवढा वेळ गप्प बसलेली मागच्या बाकावरची पोरगी एकदम म्हणे, पळी तर आमच्या घरी पण आहे! मग पुढचा अर्धा तास गावात घाणे किती होते, कोणाकोणाचे होते, यावरच गेला अन् माझा पोर्शन राहिला तिथंच.

हां, आणि त्या खंडाची पीडीएफ लई मोठी आहे, मोबाईलच्या डेटावर उतरवू नका. मी शाळेच्या वायफायवर लावून जेवायला जातो.