शेपटाचं मनोगत

आमच्या सायकल मंडळाचा वार्षिक मेळावा जानेवारीतल्या शेवटच्या रविवारी असतो. आदल्या आठवड्यापासून माझा फोन वाजायला लागतो. "ताई, येतोय हं आम्ही, चार ताटं धरा." वर्षभर ज्यांचं तोंड दिसलं नाही अशा माणसांचे हे फोन. हजेरीची वही माझ्याकडे असते, म्हणून सांगते: गेल्या वर्षी रविवारच्या फेरीला सरासरी 17 माणसं आली आणि मेळाव्याला 109 ताटं उठली. त्यातली निम्मी माणसं सायकल मेळाव्याला चारचाकीतून आली. गाड्या लावायला जागा पुरेना, म्हणून सायकली बांधावर टेकवाव्या लागल्या. मी कुणाला काही बोलले नाही. वहीत मात्र लिहून ठेवलंय.

मंडळ म्हणजे सांगलीतली रमतगमत सायकल चालवणारी माणसं. सकाळी सहाला आमराईच्या दारात जमायचं आणि हरिपूर, औदुंबर, तासगाव, नाहीतर वाडी गाठायची. वाडी म्हणजे नरसोबाची वाडी, हे सांगलीकराला सांगावं लागत नाही. वेग ताशी चौदा-पंधरा, चढ आला की त्याहून कमी. सुरुवातीला आमच्यात वेगवालेही होते. त्यांना ब्रेव्हेचं वेड लागलं, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचं अंतर सायकलीवर संपवायचं: 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, मग 300 किलोमीटर वीस तासांत. चहाला थांबलं की ते घड्याळ बघायचे. पुढं त्यांनी वेगळा ग्रुप काढला. त्यांच्या कष्टांचं मला कौतुकच आहे. राग आहे तो एवढाच, की जाताना मंडळाचा उभा पंप घेऊन गेले. वर्गणीतला होता तो.

वेगवाले गेल्यावर आमच्यात 'शेपूट' आलं. त्याआधी पुढची माणसं जयसिंगपुरात पोचायची तेव्हा मागची अंकली पुलावर दम खात असायची. एकदा एका आजोबांची ट्यूब गेली आणि आम्हाला कळलं ते वाडीच्या घाटावर, डोकी मोजताना. त्या दिवसापासून ठरलं की एकानं सगळ्यांत मागं राहायचं आणि कुणालाही ओलांडायचं नाही. पंप, ट्यूब, सोल्युशन, गूळ-शेंगदाणे, बँडेज सगळं त्याच्या कॅरिअरला. पाठीवर लाल दिवा, गळ्यात शिट्टी. नाव कुणी दिलं ते आठवत नाही, पण चिकटलं. दर महिन्याला चिठ्ठी टाकून शेपूट ठरतं.

चेष्टेचं नाव असलं तरी काम चेष्टेचं नाही. थंडीत वाडीच्या रस्त्यावर नदीकाठचं धुकं असतं आणि त्याच दिवसांत कारखाने चालू. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर, मोठ्यानं गाणी, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. उसाची कांडी रस्त्यावर पडलेली असते, चाक तिच्यावर गेलं की माणूस आडवा. अशा रस्त्यावर आपल्या मागं आपलं कुणीतरी आहे, हे माहीत असलं की पायात बळ येतं. मी नऊ वेळा शेपूट झाले आहे. पुढं गेलेल्यांच्या पाठी बघत दोन तास सायकल मारली की माणसं फार नीट ओळखायला येतात. कोण खांद्यातून थकतं, कोण गुडघ्यातून, कोण चढावर आपल्याशीच बोलतं.

मेळाव्याचं सांगत होते. सकाळी सगळे वाडीला जाऊन येतात, म्हणजे जे सायकलीवर आलेत ते. दत्ताच्या पादुकांचं दर्शन, कवठाची बर्फी, की परत. साडेदहाच्या सुमाराला हरिपुरात आमच्या एका सभासदाच्या मळ्यात उतरायचं. तिथं चिंचेखाली सतरंज्या टाकलेल्या असतात. मग दीपप्रज्वलन, वाऱ्यानं समई विझणं, प्रास्ताविक, अहवाल, शाल, श्रीफळ. पाहुण्यांचं भाषण. पाहुणे दरवर्षी वेगळे असतात आणि 'सायकल चालवल्याने आरोग्य उत्तम राहते' हे दरवर्षी तेच असतं. पहिलं मराठी नाटक आमच्या सांगलीत 1843 साली झालं. तेव्हापासून इथला माणूस बोलायला उभा राहिला की त्याला खाली बसवणं अवघड. या भागात मी मागं जाऊन भाकरी मोजते.

शेवटी शेपटाचं मनोगत असतं. वर्षात ज्यानं सगळ्यांत जास्त रविवार शेपूट म्हणून काढले (चिठ्ठी दुसऱ्याची असली तरी काही जण स्वतःहून मागं राहतात), त्यानं बोलायचं. पाच मिनिटं, कागद न घेता. त्या वेळी मी भाकरी टाकून पुढं येऊन बसते.

पहिल्यांदा बोलले ते आमचे कंडक्टर अण्णा. एस.टी.तून निवृत्त, अंगानं शिडशिडीत, एरवी दोन शब्दांच्या पुढं न जाणारे. माईक त्यांनी नको म्हणून बाजूला सारला. म्हणाले, "एकतीस वर्षं घंटीची दोरी ओढली. एक टोला थांब, दोन टोले चल. दोन टोले द्यायच्या आधी मागं बघायचं. पळत येणारं माणूस दिसलं की दोरीवरचा हात काढायचा. एकदाच नाही काढला. तासगावच्या स्टँडवर. म्हातारी होती, डोक्यावर बोचकं. गाडीला उशीर झालेला, ड्रायव्हर कावलेला. दिले दोन टोले." मग थोडं थांबून म्हणाले, "अजून पळतीया ती." आणि बसले.

टाळ्या वाजवायचं कुणाला सुचलं नाही. चुलीवरच्या बाईंनीसुद्धा भाकरी थापायची थांबवली होती. त्यानंतर कितीतरी रविवार मी पाहिलंय, कुणाची बुटाची नाडी सुटली, कुणी पाणी प्यायला थांबलं, तर अण्णा एक पाय टेकून उभे असतात. घाई करा म्हणत नाहीत. ते का थांबतात ते मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही.

एका वर्षी अंगणवाडीतल्या बाई बोलल्या. त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकल्या. माहेरी सायकल होती, पण ती भावाची. मंडळात आल्या तेव्हा वळण घेताना उतरायच्या आणि सायकल हातानं वळवून पुन्हा चढायच्या. सगळ्यांत हळू असल्यामुळं त्या तशाही मागंच असायच्या, म्हणून त्याच शेपूट झाल्या. त्यांनी एका धुक्यातल्या रविवारचं सांगितलं. उदगाव ओलांडल्यावर त्यांना जाणवलं की आपल्या मागं सायकल आहे. त्या हळू झाल्या की तीही हळू होते. भीती वाटली. शिट्टी तोंडात धरून मागं वळून बघितलं तर एक गवळी, सायकलीला दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या. "पुढं जा की बाबा," त्या म्हणाल्या. तो म्हणाला, "ताई, तुमचा लाल दिवा कवाचा बंद पडलाय. मागनं ट्रॅक्टर यायल्यात. माझा चालू हाय, म्हणून मागं राहिलोय." शिरोळच्या फाट्यापर्यंत तो तसाच आला. त्याचं दूध त्या दिवशी उशिरा पोचलं असणार. बाई म्हणाल्या, "मी तुमचं शेपूट होते. माझं शेपूट तो होता. त्याचं नाव मी विचारलं नाही." हे सांगताना त्यांना रडू आलं नाही, मला आलं. दुसऱ्या वर्षी त्यांच्या गल्लीतल्या चौघी मंडळात आल्या. वहीत त्यांची हजेरी बघण्यासारखी आहे.

सगळीच मनोगतं अशी होत नाहीत. एक कॉलेजचा पोरगा होता, त्यानं मोबाईलवरून वाचलं, नियम मोडून. पण मधेच मोबाईलची बॅटरी संपली आणि मग तो जे बोलला ते चांगलं होतं: मागं राहिल्यामुळं पहिल्यांदा त्याला कृष्णेचं पात्र दिसलं, एरवी त्याला फक्त पुढच्याचं चाक दिसायचं. आता तो वेगवाल्यांकडे आहे. मेळाव्याला न चुकता येतो, जेवतो, मला वाकून नमस्कार करतो. पंपाचं विचारावं असं दरवर्षी मनात येतं.

2020 सालचा मेळावा मात्र वेगळा. आदल्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती. इशारा पातळी 40, धोका पातळी 45, म्हणजे काय झालं असेल ते सांगायला नको. आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या सायकली तळमजल्यावर, जिन्याखाली होत्या. माणसं आधी जीव आणि कागदपत्रं वाचवतात, सायकल कोण वर नेतो. पाणी ओसरल्यावर त्या गाळातून उपसून काढल्या तेव्हा कुठली कुणाची ते ओळखू येईना. मंडळाच्या 31 सायकली आमच्या सायकली दुरुस्त करणाऱ्या चाचांच्या दुकानासमोर आणून टाकल्या.

चाचांचं स्वतःचं दुकान पाण्यात गेलं होतं. तरी त्यांनी प्रत्येक सायकल खोलली. हबमध्ये गाळ, एक्सलमध्ये गाळ, नळीत गाळ. रॉकेलच्या डब्यात छर्रे भिजत घातलेले, प्रत्येक डब्यावर खडूनं मालकाचं नाव. ओव्हरऑइलिंगचे पैसे विचारले की म्हणायचे, "ग्रीसचे द्या, हाताचं नंतर बघू." ते नंतर अजून आलेलं नाही. मदतीला होते आमचे मिरजेचे सतारमेकर. पिढ्यान्‌पिढ्या सतारी-तंबोरे करणाऱ्या घरातले. चाचांनी बसवलेलं चाक ते हातात घेऊन एकेक तार बोटानं छेडायचे. सायकलीच्या तारांनाही सूर असतो हे मला त्या दिवशी कळलं. गिअरच्या सायकलीत मागच्या चाकाच्या फ्रीव्हीलकडच्या तारा जास्त ताणाच्या, त्यांचा सूर चढा, डाव्या बाजूच्यांचा उतरता. एका बाजूच्या सगळ्या तारा एका सुरात आल्या की चाक आउट मारत नाही, म्हणजे फिरताना डुगडुगत नाही, असं ते म्हणायचे. चाचा आधी हसले. मग स्टँडवर चाक फिरवून बघितलं आणि हसायचे थांबले.

त्या वर्षीचं मनोगत चाचांनी करावं असं ठरलं. ते मंडळाचे सभासद नाहीत आणि शेपूट तर नाहीतच, म्हणून दोघा-तिघांनी नियम काढला. मी वही मिटून ठेवली. चाचा उभे राहिले, "मला बोलाय येत नाही" म्हणाले, आणि सतारमेकरांकडे बोट केलं. सतारमेकरांनी एक काळी जुनी सायकल सीट-हँडलवर उलटी उभी केली, जिला पुढं 32 आणि मागं 40 तारा असतात ती. पुढचं चाक हळूहळू फिरवत ते तारा छेडत गेले. त्याला गाणं म्हणता येणार नाही. एक भणभण, पुन्हा पुन्हा त्याच सुरावर येणारी. चिंचेखाली बसलेल्या निम्म्या घरांत गाळाचा वास अजून गेलेला नव्हता. त्यानंतर दोनच महिन्यांत सगळं बंद झालं आणि 2021 चा मेळावा झालाच नाही, म्हणूनही असेल, तो आवाज कानात राहिला आहे.

आता मदत करणाऱ्यांचं. आभाराचं काम माझ्याकडे, आणि दरवर्षी कुणीतरी राहतंच, मग मला रात्री झोप येत नाही. मळेवाले मामा, जे जागेचं भाडं घेत नाहीत आणि वर वांगीही त्यांचीच. मामी, ज्यांच्या खर्ड्यानं पाहुण्यांची भाषणं आवरती होतात. भाकरी करणाऱ्या सहा जणी (सहावी उशिरा आली, पण आली). सतरंज्या देणारं देऊळ. माईकवाला, समई पुन्हा पुन्हा पेटवणारी त्याची मुलगी. पंक्चर फुकट काढणारे चाचा आणि त्यांचा भाचा. वाडीला सायकली सांभाळणारे पेढेवाले. डॉक्टर, जे स्वतः कधी येत नाहीत पण औषधांची पेटी भरून पाठवतात. बासुंदीचा कॅन कुरुंदवाडहून मोटारसायकलवर मांडीत धरून आणणारे दोघे. मेळाव्यानंतर पत्रावळ्या गोळा करणारी आठवीतली दोन पोरं, ज्यांना कुणी सांगितलेलं नसतं. आणि तो गवळी, त्याचं नाव मिळालं तर त्याचंही.

गेल्या वर्षी अंकली पुलाजवळच्या चहावाल्या मावशी राहिल्या. रविवारी पहाटे आमच्यासाठी त्या अर्धा तास आधी स्टोव्ह पेटवतात, आणि मी त्यांचं नाव घ्यायला विसरले. पुढच्या रविवारी त्या काही बोलल्या नाहीत. चहात आलं नव्हतं, एवढंच. त्याच्या पुढच्या रविवारीही नव्हतं. कंडक्टर अण्णा कपातल्या चहाकडे बघून म्हणाले, "ताई, दोन टोले दिलेत तुम्ही."

यंदा मी स्वतः जाऊन त्यांना मेळाव्याचं बोलावणं केलं. नवं लुगडं नेसून आल्या, सगळ्यांत मागच्या सतरंजीवर बसल्या. आभाराला मी पहिलं नाव त्यांचं घेतलं, तर त्यांनी पदर तोंडाला लावला आणि शेजारणीला काहीतरी सांगितलं. नंतरच्या रविवारी चहात आलं होतं, भरपूर. बिस्किटाच्या पुड्याचे पैसे मात्र मोजून घेतले.