बाथटबमध्ये बसून वाईन

बुडापेस्टमध्ये पार्लमेंट बघितलं, डॅन्यूबवर बोटीतून फिरलो, सगळं मस्तच होतं, पण मला विचाराल तर त्या ट्रिपमधली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे शनिवारची संध्याकाळ, सिम्प्ला केर्टमधली.

हा बार सातव्या डिस्ट्रिक्टमध्ये आहे, म्हणजे जुन्या ज्यू वस्तीत, काझिंत्सी नावाच्या अरुंद रस्त्यावर. अशा बारला तिकडे रोमकोच्मा म्हणतात, रोम म्हणजे पडीक वास्तू आणि कोच्मा म्हणजे गुत्ता. महायुद्धानंतर या भागातली बरीच घरं नुसती जीर्ण होत गेली, मग पाडापाडी सुरू झाली, आणि त्यातलीच ही एक इमारत, जिथे आधी शेगड्यांचा कारखाना होता, काही तरुण मुलांनी घेतली आणि २००४ पासून इथे बार चालू आहे. पाडली असती तर काय गेलं असतं ते आत गेल्यावर कळतं.

मधे मोठं अंगण, चारही बाजूंना पोपडे उडालेल्या भिंती, एकही खुर्ची दुसरीसारखी नाही, आणि अंगणात चक्क एक त्राबांट, पूर्व जर्मनीची ती जुनी गाडी, आत टेबल टाकून बसायला केलेली. तिथे आधीच कुणीतरी बसलेलं म्हणून आम्हाला मिळाला बाथटब. जुना लोखंडी टब, एक बाजू कापून काढलेली, आत गादी. कडेचा पांढरा मुलामा जिथे उडालाय तिथे लोखंड काळं आणि इतकं गुळगुळीत झालंय की मी पूर्ण वेळ त्यावरून अंगठा फिरवत होते, किती लोक इथे असेच हात टेकून बसले असतील!

आम्ही मागवलं फ्रोच, म्हणजे वाईनमध्ये सोडा. ऐकायला विचित्र वाटतं पण उकाड्यात याच्यासारखं दुसरं काही नाही. प्रमाणाप्रमाणे नावं आहेत, एक भाग वाईन दोन भाग सोडा म्हणजे ‘लांब पाऊल’, तीन भाग वाईन दोन भाग सोडा म्हणजे ‘बिल्डिंगचा केअरटेकर’, मला तर ही नावं वाईनपेक्षाही जास्त आवडली. आणि सोडा बनवायची एक पद्धत तिथल्याच एका पाद्री कम फिजिक्सवाल्याने, आन्योश जेडलिकने, १८२६ मध्ये काढली, त्यामुळे त्यांना त्याचा अभिमान आहे आणि असायलाच हवा.

नंतर मित्राने बिअर घेतली आणि सवयीने ग्लास पुढे केला तर शेजारच्या टेबलावरच्या एका काकांनी हसून मान हलवली. १८४९ मध्ये ऑस्ट्रियाने तेरा हंगेरियन सेनानींना मारलं तेव्हा त्यांनी बिअरचे ग्लास आपटून आनंद साजरा केला अशी आख्यायिका आहे, म्हणून दीडशे वर्षं बिअरचे ग्लास आपटायचे नाहीत असं ठरलं म्हणे. मुदत कधीच संपली, तरी बरेच जण अजून पाळतात. ते इतक्या शांतपणे सांगत होते की आम्ही सगळेच गप्प झालो, आणि मग ग्लास नुसते वर करून ‘एगेशेगेद्रे’, म्हणजे त्यांचं ‘चीअर्स’, म्हणालो, उच्चार त्यांनीच तीनदा घोटवून घेतला.

दहानंतर गर्दी एवढी वाढली की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना, मग निघालो.

पण रविवारी सकाळी परत गेलोच, कारण तिथेच शेतकऱ्यांचा बाजार भरतो. त्याच अंगणात मध, चीज, जॅमच्या बाटल्या, आणि आमच्या टबात एक आजी पिशवी शेजारी ठेवून निवांत पाव खात बसल्या होत्या.